तात्यांचा पाला आणि कोरी चकती

माझे मोठे चुलते, म्हणजे आमचे तात्या, जखमेवर झाडपाल्याचं औषध देतात. सोनईच्या अलीकडे आमची वस्ती आहे. गुरुवारी आणि रविवारी सकाळी तिथे चार-सहा माणसं येऊन बसलेली असतात. कुणाचा हात विळ्याने कापलेला असतो, तर कुणी घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या बैलाच्या सोललेल्या खांद्यासाठी आलेलं असतं. तात्या आत जाऊन पाला वाटतात आणि हिरवा गोळा समोरच्याच्या हातावर ठेवतात. ते पैसे घेत नाहीत आणि झाडाचं नावही सांगत नाहीत. ज्या मेंढपाळाकडून ते हे शिकले, त्याने त्यांना शपथ घातली होती. नाव तोंडातून गेलं की पाल्याचा गुण जातो, असं तो म्हणायचा.

मी नगरला एमएस्सी करत होते, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. प्रकल्पासाठी विषय मागितले, तेव्हा मी चाचरत म्हटलं की आमच्या घरी एक औषध आहे, त्याने जंतू आणि बुरशी मरतात का हे बघायचं आहे. मॅडम म्हणाल्या, "बघ की. पण वाटलेला गोळा आणून चालणार नाही. मुळासकट, फुलासकट अख्खं झाड लागेल. कोणतं झाड आहे तेच माहीत नसेल तर तपासायचं काय?"

घरी येऊन मी हे तात्यांना सांगितलं. दोन दिवस ते माझ्याशी जरा तुटकच वागत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल, बांधावर जाऊन येऊ." उसाच्या कडेला एका जागी ते उकिडवे बसले, कनवटीची पिशवी काढली आणि म्हणाले, "मी हितं तंबाखू मळतो. तुला काय बघायचं ते बघ."

त्यांच्या पायाशी एकदांडी होती. लांब दांडीवर एकच पिवळट फूल येणारी, पायवाटेवर सगळीकडे उगवणारी. शाळेत जाताना मी ती रोज तुडवत होते. मी एक झुडूप मुळासकट उपटलं आणि वर्तमानपत्रात ठेवलं, मग पिशवीभर पाला खुडून घेतला. तात्यांनी तिकडे पाहिलं नाही. नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं, पण शपथ मोडली की राहिली हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नसावं. परतताना ते एवढंच म्हणाले, "चांगलं येऊ दे म्हंजे झालं."

पाला मी सावलीत वाळवला, मिक्सरला बारीक केला आणि मिथेनॉल या स्पिरिटसारख्या द्रवात भिजत घातला. गाळलेल्या अर्काची चार वेगवेगळी प्रमाणं केली, पातळापासून घट्टपर्यंत. गाळणकागदाच्या छोट्या चकत्या त्यात बुडवायच्या आणि जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवायच्या. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. एका प्लेटवर चारच चकत्या बसत होत्या. नियमाने त्यातली एक कोरी हवी, म्हणजे पाला नसलेली, नुसत्या मिथेनॉलची. मला ते माहीत होतं. पण तात्यांच्या पाल्याला पुरती संधी मिळावी म्हणून मी चारही जागा त्यालाच दिल्या. आणि घाईत चकत्या नीट सुकूही दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चारही चकत्यांभोवती वर्तुळं होती. मी प्लेट उजेडाला धरली, मोबाईलवर फोटो काढला आणि मॅडमना दाखवायच्या आधी चुलत भावाला पाठवला. खाली लिहिलं, "तात्यांना सांग, पाला पास झाला."

मॅडमनी प्लेट हातात घेतली, फिरवून पाहिली. "घट्ट अर्काचं वर्तुळ केवढं?"

मी मोजलं होतं. सांगितलं.

"आणि सगळ्यात पातळाचं?"

तेही तेवढंच होतं. तोपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"अर्क घट्ट केला तरी वर्तुळ वाढलं नाही, मग पाल्याने काय केलं?" त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, हे मला जास्त लागलं.

मी सगळं पुन्हा केलं. या वेळी कोरी चकतीही ठेवली. ओल्या कोऱ्या चकतीभोवती तसंच वर्तुळ आलं. मग मिथेनॉल उडून जाईपर्यंत चकत्या पूर्ण सुकवून ठेवल्या, तर कोरीचं वर्तुळ गेलं आणि पाल्याचंही गेलं. तात्यांच्या पद्धतीने पाण्यात वाटलेला रसही लावून पाहिला. जंतू त्याच्या कडेपर्यंत वाढले होते. बुरशीच्या प्लेटवरही काही दिसलं नाही. जे दिसलं होतं ते मिथेनॉलचं काम होतं.

घरी फोन केला तो काकूंनी उचलला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "अगं, तुझा फोटो तात्यांनी सोनईतून मोठा करून, लॅमिनेट करून आणलाय. पडवीत लावलाय. लांबलांबून मानसं यायला लागलीत." मग सहज सांगितल्यासारखं पुढे म्हणाल्या की पलीकडच्या वस्तीवरचे एक आजोबा, ज्यांना साखर, म्हणजे मधुमेह आहे, तेही येतात. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला महिनाभर जखम होती. दवाखान्यातली पट्टी आता त्यांनी सोडली आहे, कॉलेजनेच पाला पास केला म्हणून.

रविवारी पहिल्या एसटीने मी घरी गेले.

पडवीत पाच-सहा जण होते. ते आजोबा पाय लांब करून बसले होते, अंगठ्यावर हिरवा गोळा आणि वर फडकं. मला पाहून म्हणाले, "आल्या डॉक्टरीनबाई. ह्यांच्यामुळं माझं यष्टीचं भाडं वाचलं."

"भाडं कुठलं? तुम्हाला अर्धं तिकीट," कुणीतरी म्हणालं.

"आर्दं तरी वाचलंच की."

सगळे हसले. तात्याही हसले, आणि मला त्यांच्या शेजारी बसायला जागा केली. एसटीत मी ठरवून आले होते की त्यांना आत नेऊन सांगेन. पण आत सांगितलं असतं तर आजोबा पाला घेऊन निघून गेले असते.

मी भिंतीवरचा फोटो काढून मांडीवर घेतला. "तात्या, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"ही वर्तुळं पाल्याची न्हाईत. मी पाला ज्या स्पिरिटसारख्या पाण्यात भिजवला, त्याची आहेत. नुसतं तेच लावलं तरी येतात. चूक माझी आहे. घाईघाईने मीच फोटो पाठवला."

तात्यांनी विचारलं, "पान्यात वाटून लावलास?"

"लावला."

"मंग?"

"काही झालं न्हाई."

ते माणसांकडे पाठ करून माझ्याशी हळू बोलले. "मी तुला दावलं, म्हनून झालं का गं हे?"

"न्हाई तात्या."

"तुला काय म्हाईत."

खरं तर मला माहीत नव्हतं. प्लेटवरचं मला कळत होतं, त्यांच्या मनातलं कसं तपासणार? मी म्हटलं, "प्लेट म्हणजे माणूस न्हाई. साध्या जखमेवर तुमचा पाला कसा काम करतो, मला सांगता येणार न्हाई. इतक्या लोकांचं बरं झालेलं मी लहानपणापासून बघतेय. पण आजोबांना साखर आहे. त्यांची पट्टी बंद झाली तर बोट जाईल, कदाचित पायही. एवढं मात्र मला माहीत आहे."

आजोबांचं हसू गेलं होतं. "आरं देवा," ते म्हणाले, "मंग मी हितं काय करतोय?"

तात्या उठले. तांब्याभर पाणी आणून आजोबांच्या पायाशी बसले आणि स्वतःच्या हाताने तो गोळा सोडवला. खालची जखम काळपट पडली होती, वासही येत होता. त्यांनी ती धुतली, वर स्वच्छ कापड बांधलं आणि चुलत भावाला गाडी काढायला सांगितली. आजोबा नाही-नाही म्हणत होते, उद्या जातो म्हणत होते. तात्या त्यांना म्हणाले, "उद्या न्हाई. आत्ता. मीच मागं बसतो, तुमाला धरून." तिघे एका मोटरसायकलवर बसून गेले. पडवीतली उरलेली माणसं थोडा वेळ बसली आणि औषध न घेताच उठली. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

आजोबांचा अंगठा वाचला, पण पट्टीला अडीच महिने लागले.

माझ्या प्रकल्पात मी सगळं लिहिलं, कोरी चकती वगळल्याचंही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मग तुमचा निष्कर्ष काय?" मी म्हटलं, "आमच्या पद्धतीने या पाल्यात जंतू किंवा बुरशी मारण्याचा गुण दिसला नाही, सर." हे वाक्य म्हणताना मला बांधावरचे तात्या दिसत होते.

तात्या अजून औषध देतात. गर्दी पहिल्याएवढी नसते. झाड दाखवल्यानेच गुण कमी झाला असं त्यांना वाटतं, असं काकू म्हणतात. मला त्यांनी तसं कधी बोलून दाखवलेलं नाही. परवा सुट्टीला गेले तेव्हा एक बाई पायाला लागलं म्हणून आली होती. पाला आणायला आत जाण्याआधी तात्यांनी तिला विचारलं, "साखर हाय का तुला?"

ती म्हणाली, "काय म्हाईत. कधी बघितली न्हाई."

"मंग आदी बघून ये," तात्या म्हणाले, आणि पाटा न काढता तिथेच बसून राहिले.