बारा ते एकची गाणी

तुमच्या कामाच्या जागी कोणतं गाणं लागणार, हे कोण ठरवतं? तुम्ही? मग नशीबवान आहात, पुढचं शांतपणे वाचा. मला शांतपणे लिहिता येत नाहीये.

गावाबाहेरच्या लॉन्ड्रीत एक बाई काम करते. सगळं खातं तिला वहिनी म्हणतं, कारण तिची थोरली नणंद तिथंच तिच्यासमोर उभी असते. हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या चादरी मी टेम्पोतून आणून टाकतो, त्या धुऊन वाळून येतात आणि या दोघी त्यांच्या घड्या घालतात. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, चालत समोरासमोर यायचं, टोकाला टोक लावायचं. पावलं बरोबर पडली तर घडी सरळ. नाहीतर चादर वाकडी आणि तोंडंही वाकडी.

पावलं बरोबर पडायची ती वहिनीच्या रेडिओमुळे. आमच्याकडे एकच स्टेशन लागतं, आणि तेही दिवसभर मोठ्या शहराचंच ऐकवतं. फक्त बारा ते एक आपली माणसं गातात-वाजवतात: बाजारातला शिंपी, शाळेतल्या बाई, पोस्टातला बासरीवाला. गाणं फोन करून मागायचं. सुपरवायझर बाईंनाही शिंप्याचा आवाज आवडायचा, म्हणून त्या वहिनीला गेटवरच्या फोनपर्यंत सोडायच्या. मोबाइल सगळ्यांचे गेटवरच जमा असतात, तेव्हा "मोबाइलवर ऐका की" हा शहाणपणा कुणी मला शिकवू नये.

"घरी टीव्ही सासऱ्यांचा, मोबाइल पोरांचा," वहिनी मला एकदा म्हणाली. "माझा म्हणून हा एकच तास. तोही उभ्यानं."

मग घोळ झाला. वाळवणीच्या मशिनांच्या घरघरीत रेडिओ नीट ऐकू येईना. बायका मिळून मॅनेजरकडे गेल्या आणि मोठा स्पीकर मागून आल्या. मॅनेजर लगेच हो म्हणाला, तिथंच शंका यायला हवी होती. स्पीकर बसला, पण त्याची वायर गेली ऑफिसात. आता कंपनीनं निवडलेली धडधडती गाणी सकाळपासून फिरून फिरून तीच वाजतात. वर, एका खोलीत दोन आवाज नकोत म्हणून रेडिओ बंद! आणि रेडिओच बंद, तर वहिनीला गेटवरच्या फोनपर्यंत सोडतंय कोण?

"अगं सावकाश ये! तुझ्या भावाच्या वरातीत तरी इतक्या उड्या मारल्यास का?" नणंद ओरडते.

"मी कुठं पळतेय, वन्सं? ते गाणंच हात धुऊन मागं लागलंय."

हसतात. टोकं जुळत नाहीत. चादर पुन्हा झटकतात, पुन्हा चुकतात. मग हसणंही थांबतं.

मी भांडायला गेलो. शाळेनं मला काही शिकवलं नाही, पण भांडण मला कुणी शिकवावं लागत नाही. मॅनेजर खुर्चीत रेलून म्हणाला, "साहेब, त्यांनी गाणी मागितली, आम्ही दिली. आता तक्रार कशाची लिहून घेऊ?" गाणी तर वाजतच होती.

तणतणत रेडिओ स्टेशनवर गेलो. तिथल्या निवेदिका बाईंनी वेगळंच सांगितलं. "लॉन्ड्रीतले फोन थांबले आणि दुपारी इथं शुकशुकाट झाला. वरून विचारणा आलीय, हा तास ऐकतं तरी कोण? असंच राहिलं तर बंद करतील."

दुसऱ्या दिवसापासून मीच फोन करायला लागलो. कधी खोकत, कधी नाकात बोलून.

"दादा, आवाज ओळखते हो तुमचा," बाई म्हणाल्या. "एकटे किती जण होणार?"

वहिनीला सांगितलं, सुटल्यावर तरी फोन लाव.

"तास संपल्यावर? दुकान बंद झालं की शटरशी बोलू?" तिनं पुढची चादर उचलली. मग हळूच म्हणाली, "पण भाऊ, तो तास जाऊ नका देऊ. इथं नाही तर नाही. रविवारी घरी तरी ऐकीन."

मी हो म्हणालो. कशाच्या जोरावर, देव जाणे. मॅनेजरपुढे माझं चाललं नाही, स्टेशनच्या वरच्यांपर्यंत माझा हात पोचत नाही.

तुमचा मोबाइल गेटवर जमा नाही ना? मग उद्या बारा वाजता स्टेशनला फोन लावा. लागला नाही तर पुन्हा लावा. गाणं कोणतंही मागा, सुचलं नाही तर शिंप्याचं मागा. आणि कोण बोलतंय असं बाईंनी विचारलं, तर मेहेरबानी करून माझं नाव घेऊ नका. तुमचं सांगा.