शिवडीची काळी जमीन

मुंबई मला पाठ आहे. दोनदा विचाराल तर एवढंच कबूल करीन, की एका वरातीबरोबर दीड दिवस गेलो होतो आणि त्यातला एक दिवस झोपेत गेला. पण अमरावतीत राजापेठेच्या चौकात चहा पिता पिता मी ती दीड दिवसाची मुंबई इतकी वाढवली, की वलगावच्या माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, वाटायचं मुंबईचे रस्ते मला विचारूनच वळतात. म्हणून त्याच्या मुलीचं स्थळ पाहायला शिवडीला जायची वेळ आली तेव्हा वाटाड्या म्हणून त्यानं मलाच गाडीत घातलं.

मुलगी त्याची एकुलती. मुंबईत नोकरीला. तिनं शिवडीच्या कोळीवाड्यातला, तिच्याच हपिसातला मुलगा पसंत केला होता. दादानं सहा महिन्यांत जात पचवली होती, माशांचा वासही पचवायची तयारी दाखवली होती. अडलं होतं ते एका ठिकाणी.

"पोराच्या घरी गुंठाभर जमीन नाही," तो गाडीत अकोल्यापासून कल्याणपर्यंत म्हणत होता. "माह्या सोळा एकरात वाढलेली पोरगी. बिगरजमिनीच्या घरात देऊ कशी?"

शेवटी बापलेकीत करार झाला. दादानं एक दिवस सगळं पाहायचं आणि संध्याकाळच्या अमरावतीच्या गाडीत बसायच्या आधी हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हणाला, तर पोरीनं पुन्हा तो विषय काढायचा नाही. बापासारखीच शब्दाची पक्की.

स्टेशनवर पोरीबरोबर मुलगा आणि त्याची आई घ्यायला आले होते. बाई ठेंगणी, ठणठणीत, आवाज असा की भाऊच्या धक्क्यावरून हाक मारली तर धामणगाव रेल्वेला गाडी थांबावी. त्यांनी आम्हाला शिवडी दाखवायला घेतली.

आधी किल्ला. दादानं तटाला हात लावला. "आमच्या गाविलगडावर घोड्यायचा तबेला याच्याहून मोठा असन."

मग समुद्रावरचा तो लांबच लांब पूल. इतका लांब, की त्याचं दुसरं टोक बघायला मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

"यावर बैलगाडी चालते काय?" दादानं मुलाला विचारलं.

"नाही, काका. बंदी आहे."

"मंग कायच्या कामाचा?"

मग फ्लेमिंगो. आता मी काय सांगू! कापसाच्या जिनिंगमधला सगळा ढीग कोणी गुलाबी रंगात बुडवून वाळत घातलाय, असा अर्धा समुद्र गुलाबी. मोजायला बसलो असतो तर अजून तिथंच असतो. दादा बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, विरघळला. तो म्हणाला, "एवढी पाखरं पडली रानात अन् राखाले एक माणूस नाही?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. दुपार कलत चालली होती.

शेवटी आम्ही शिवडीच्या धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. दोन-चार होड्या कुशीवर पडल्या होत्या, एकीला रंग देणं चाललं होतं, आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर काळाभोर, ओला, चमकणारा गाळ. दादा थबकला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर तेज आलं.

"काय जमीन हाय बे!" तो मला म्हणाला. "अन् पडीक कावून ठेवली?"

"दादा, तो समुद्र..." मी म्हणेपर्यंत तो पायऱ्या उतरलासुद्धा. पायजमा वर खोचला आणि जमीन पारखायची आमची वलगावची रीत सुरू केली. मूठभर उचलली, दाबली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावली. "खारी हाय, पण कस हाय!" असं ओरडून आणखी चांगली माती बघायला दहा पावलं पुढे गेला.

अकरावं पाऊल वर आलंच नाही.

बघता बघता दादा गुडघ्यापर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला. लोक म्हणतात मांडीपर्यंतच गेला होता. लोकांचा भाऊ नव्हता तो. आणि लांबून पाणी परत यायला लागलं होतं.

"हलू नका!" मुलाची आई धक्क्यावरून गरजली. "हललात तर अजून खाली जाल!"

बाईंनी होडीजवळची लांब फळी ओढली, लुगडं खोचलं, एक गुडघा फळीवर ठेवला आणि दुसऱ्या पायानं गाळ मागे रेटत अशा सुटल्या, की आमच्याकडची मोटारसायकल मागे पडावी. दुसऱ्या फळीवर मुलगा. हपिसाची इस्त्रीची पँट होती अंगावर, पण त्यानं क्षणभर विचार केला नाही.

"कोणी सांगितलं होतं इथं उतरायला?" दादाच्या मांडीभोवतीचा गाळ हातानं उपसत बाईंनी झापायला सुरुवात केली. वलगावात दादाला सरपंचसुद्धा बसा म्हणतो. "पांढरे केस झाले, अक्कल कधी येणार?"

दादानं एका हातानं फळी धरून दुसऱ्या हातातला गाळ बोटांत चोळून पाहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, हे कोणाचं वावर हाय?"

"कोणाचं नाय. आमी मासे, चिंबोऱ्या काढतो यातून. माझ्या सासूनं काढल्या, मी काढते, हा शाळेच्या आधी काढायचा."

"वर्षातून किती पिकं?"

"वर्षातून?" बाई हसल्या. "दिवसातून दोनदा ओहोटी येते."

दादाचा एक पाय सुटला, पण तो तसाच उभा. आमच्याकडे कापूस लावायचा आणि दिवाळीपर्यंत ढगांची मनधरणी करायची. इथं दिवसाला दोन हंगाम, पेरणी नाही, डवरणी नाही, फवारणी नाही! त्यानं मुलाकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळे हात बुडवून तो दुसरा पाय सोडवत होता.

पाणी फळीला लागलं तेव्हा दोघांनी मिळून दादाला ओढून धक्क्याला आणलं. वरून पाहिलं तर नांगरट करून आलेला बैल. पोरगी पायरीवर उभी होती, ओढणी तोंडात धरून. तिला वाटलं, आता संपलं.

"बाबा, लागलं का?"

"मले काही नाही झालं." दादानं तोंडावरचा गाळ पुसला. "पोरी, असं जमिनीचं घर आपल्या अख्ख्या तालुक्यात नाही. माह्याकडून हो हाय."

मुलगा लाजला. मी मात्र लगेच पुढे झालो. हे स्थळ मीच दाखवलं, असं तेव्हापासून मी चौकात सांगतोय, आणि चिखलात दादासोबत मीही होतो, असं आता सांगायला लागलोय.

मी म्हटलं, "दादा, मुहूर्ताचं भटजींना विचारतो."

दादानं पाय धुणाऱ्या विहीणबाईंकडे बोट केलं. "भटजीले मंग इचार. आधी यायले इचार, पाणी कधी येते अन् कधी जाते."