मनगटातली सूज आणि शनिवारचे रोडगे

मागितलेलं देवाने दिलं आहे असं मानल्यावर ते यंत्रातून तपासून घेणं म्हणजे अविश्वास, की काळजी? गेल्या हिवाळ्यात या प्रश्नाने माझी झोप उडवली होती.

माझी मुलगी प्राजू चौदा वर्षांची. तिला बालसंधिवात आहे. उजवं मनगट इतकं सुजायचं की वेणी घालायलाही आई लागायची. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी आठवड्यातून एकदा, शनिवारी, घ्यायची गोळी सुरू केली. गोळीने गुण येत होता, पण रविवारभर पोरीला मळमळायचं. तेव्हा मी मारुतीला रोडग्यांचा, म्हणजे राखेत भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचा, नवस बोललो होतो: सूज उतरू दे, रानातल्या तुझ्या देवळापाशी गोवऱ्यांचा जगरा पेटवीन.

सूज उतरली. मला डोळ्यांवर भरवसा ठेवायची सवय नाही, म्हणून मी दोन्ही मनगटं शिंप्याच्या टेपने मोजली. सारखी भरली. प्राजू हसून म्हणाली, "बाबा, मारुतीले आता पावती देता का?" दुखणं नव्हतं, वेणी स्वतः घालत होती. नवस फेडायला शनिवार ठरला, पाहुण्यांना निरोप गेले. पण लगेच येणाऱ्या सोमवारी मनगटाची सोनोग्राफी होती. गोळी कमी करायची की नाही, हे ती पाहून ठरणार होतं.

आष्टीहून आलेली माझी मोठी बहीण देवळापाशी वांगी चिरता चिरता म्हणाली, "देवानं आयकलं न तुह्यं? मंग मशीनले काऊन इचारून राह्यला? आजपासून गोळी बंद कर. लेकराचे हाल पाहवत नाई मले."

मला ते पटलं, हे खरं आहे. नैवेद्य दाखवायचा आणि गोळी थांबवायची, असं मी मनाशी ठरवलंही. सोमवारी जायचंच कशाला, इथवर विचार गेला.

गोवऱ्यांचा विस्तव बसला होता. राखेतले रोडगे वरून छान तांबूस दिसत होते. नैवेद्याचा रोडगा मी फडक्याने पुसून ताटात ठेवला आणि देवळाकडे वळलो. तेवढ्यात शेजारच्या जगऱ्यावरची एक म्हातारी बाई उठून आली. आमची काही ओळख नव्हती. तिने रोडगा अंगठ्याने दाबला.

"भाऊ, वरून झाला हा. आतून कच्चा हाये. देवाले कच्चाच देता काय?"

"दिसतो तर झालेला," मी म्हणालो.

"दिसते तं दिसू द्या. ठेवा परत. घाई तुम्हाले हाये, त्याले नाई."

बहीण खो खो हसली, "याले कोणीतरी भेटलंच पाह्यजे होतं!" माझ्या डोळ्यांपुढे मात्र प्राजूचं मनगट आलं. म्हातारी आपल्या जगऱ्याकडे गेली, आणि तिचं नावगाव विचारायचंही मला सुचलं नाही. रोडगा परत राखेत गेला. नैवेद्याला उशीर झाला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वतः प्राजूच्या हातावर गोळी ठेवली. तिने तोंड वाकडं केलं, पण घेतली.

सोमवारी मॅडमनी मनगटाला गार जेल लावलं आणि यंत्र फिरवलं. करड्या चित्रात, सांध्याच्या आतल्या बाजूला, लाल ठिपके लुकलुकत होते. मॅडम म्हणाल्या, "बाहेरून सूज दिसत नाही, पण आतल्या अस्तरात अजून आहे. हाडाची झीज झालेली नाही. वेळेत कळलं. गोळी आत्ता थांबवली असती तर हळूहळू सांधा खराब होऊ शकला असता." माझी टेप बरोबर होती. ती फक्त बाहेरून मोजत होती.

ती बाई कोण होती, यावर मी डोकं चालवत नाही. स्वयंपाक येणाऱ्या कुठल्याही बाईने तेच सांगितलं असतं. पण त्याच दिवशी, त्याच क्षणी, माझ्याच ताटापाशी ती आली, याबद्दल मी मारुतीपुढे मनापासून डोकं टेकतो. मी त्याचं उत्तर ऐकायच्या आधीच उत्तर मिळालं असं धरून चाललो होतो. मला हवं तेच उत्तर मी त्याच्या तोंडी घातलं होतं.

पावसाळ्यात पुन्हा सोनोग्राफी झाली. या वेळी पडद्यावर लाल काही नव्हतं. मॅडमनी गोळी एकदम बंद केली नाही, थोडी कमी केली आणि पुन्हा पाहू म्हणाल्या. "पुन्हा?" प्राजूने विचारलं. "हो, पुन्हा," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात कुरकुर नव्हती, याचं मलाच नवल वाटलं.

लेक बरी व्हावी ही मागणी आजही तीच आहे. कधी व्हावी, हे मात्र मी आता सांगत नाही. सकाळी हात जोडतो, शनिवारी गोळी देतो, आणि दवाखान्यातून निघताना पुढची तारीख घेतो. मन शांत आहे.