आधी यंत्राला विचारू

लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत उन्हाळ्यात सगळेच रडत असतात. मिरची भाजणारी बाई रडते, कुटणारा माणूस रडतो, पिशवी धरून रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईकही रडतं. तिथेच उभा असताना मला भावोजींचा फोन आला. "नंदू, विजू गेली," एवढंच म्हणाले. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि आपलेपणाने म्हणाल्या, "अहो, तोंडाला रुमाल बांधा. नवीन दिसताय." मी नवीन नव्हतो. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात मी तिथे ताईबरोबर यायचो, या खेपेला पहिल्यांदाच एकटा आलो होतो. त्यांचं ऐकून रुमाल बांधला. मसाला घेऊन निघालो की तसाच निघालो, हे आता आठवत नाही. बायको म्हणते, पिशवी हातात होती. म्हणजे घेतला असणार.

विजूताई माझी सख्खी थोरली बहीण. गिरगावातल्या वाडीत, दोन खोल्यांत आम्ही वाढलो. घरातली सगळी हुशारी तिने आधीच उचलली आणि माझ्या वाट्याला गप्पा आल्या, असं आई म्हणायची. त्यावर वडील म्हणायचे, "गप्पांनाही थोडी हुशारी लागते, ती तरी कुठून आणणार?" मी विम्याच्या कचेरीत चिकटलो. ताई भूगर्भशास्त्र शिकली आणि इकडे दक्षिण मुंबईतल्याच एका संस्थेच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे तिच्या ताब्यात एक यंत्र होतं, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब. नातेवाइकांना ते समजावून सांगायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. "दगडांचा एक्स-रे काढते," असं एका मुंजीत सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी आमच्या एक काकू गुडघ्याची फिल्म घेऊन ताईच्या दारात हजर. ताईने फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरून नीट बघितली, काकूंना चहा दिला, हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला, आणि मग मला फोन केला. "नंदू, माझ्या कामाबद्दल बोलणं बंद कर. नाहीतर एकदा येऊन बघ तरी."

बघायला गेलो तोही हमाल म्हणूनच. पावसाळा संपत आला होता. ताईचा फोन आला, "तुझ्या बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन लॅबमध्ये ये." मी विचारलं, कुणाच्या लग्नाला निघालीस? म्हणाली, "यंत्राला सर्दी झालीय. लवकर ये." तर मी गुलाबी ड्रायर रुमालात गुंडाळून गेलो. ते यंत्र म्हणजे माणसाहून उंच नळकांडं. वर एक बारीक तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत खाली येतो आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर डोळ्याला न दिसणाऱ्या ठिपक्याएवढ्या जागी पडतो. तिथून जे किरण निघतात त्यांच्यावरून कळतं, त्या ठिपक्यात लोखंड किती, मॅग्नेशियम किती. पण मुळात झोत किती आहे हे नक्की माहीत पाहिजे. ते चुकलं की पुढचं सगळं चुकलं. ते मोजायला झोताच्या वाटेत धातूची एक इवलीशी वाटी सरकवतात, तिला तिथे कपच म्हणतात. "यात पडलेला झोत बाहेर निसटत नाही," ताई म्हणाली, "जेवढा आला तेवढा सगळा मोजला जातो." मी विचारलं, बशी कुठाय? ती हसली नाही. कामात असली की ती माझ्या विनोदांना हसत नसे. काम नसतानाही हसायची असं नाही.

त्या आठवड्यात वाटीचा आकडा एका जागी ठरत नव्हता. सकाळी एक, दुपारी दुसरा. सगळ्यांचा संशय तारेवर, ताईचासुद्धा. तार बदलली, यंत्र पुन्हा हवा काढून तयार करण्यात दिवस गेला, आणि आकडा होता तसाच नाचतोय. मग ताईला जे सुचलं ते तिने मला पुन्हा करून दाखवलं. तिने झोत पूर्ण अडवला. आता वाटीत काहीच पडत नव्हतं. "सांग, मीटरवर काय दिसायला पाहिजे?" मी म्हटलं, "शून्य," आणि उत्तर बरोबर आलं म्हणून मला शाळेत कधी वाटलं नाही एवढं बरं वाटलं. मीटरवर शून्य नव्हतं. काहीच येत नसताना तो बिनदिक्कत काहीतरी येतंय म्हणून सांगत होता. सुट्टीत एसी बंद राहिला होता, मुंबईची दमट हवा केबलच्या जोडात शिरली होती, आणि त्या ओलीतून जो प्रवाह इकडेतिकडे गळत होता त्याने आकडा बिघडत होता. झोत पहिल्यापासून स्थिर होता. ताईने जोड स्पिरिटने पुसला, माझ्या बायकोच्या ड्रायरने हलकेच शेकला, आणि आकडा उतरत उतरत शून्यावर येऊन बसला. ती खुर्चीत मागे टेकली. "उगीच त्या तारेला शिव्या घातल्या बघ. आधी यंत्राला विचारायला पाहिजे होतं."

तेव्हापासून हे आमच्या घरात मंत्रासारखं झालं. आई होती तोवर तिला कणकण आली की थर्मामीटर आधी ताईच्या तोंडात, मग माझ्या, मग भावोजींच्या. आमची तिघांची तपासणी होईपर्यंत आईचा ताप कंटाळून उतरायचा. दादरच्या मंडईत ताई पर्समधून पितळी वजन काढून भाजीवालीच्या काट्यावर ठेवायची. एकदा एक भाजीवाली म्हणाली, "बाई, भेंडी घ्यायचीय का माझी परीक्षा?" ताई म्हणाली, "पास झालीस. अर्धा किलो दे." भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने अतिशय गरीब. शिवाजी पार्कामागच्या जुन्या इमारतीत दोघंच राहायची, मूलबाळ नाही. या सगळ्या मोजमापात ते तिचे हक्काचे मदतनीस. "आमच्याकडे भूकसुद्धा आधी तपासून घेतात," असं ते एकदा म्हणाले, तर ताई म्हणाली, "मग आज घेऊच," आणि खरंच त्यांना तासभर ताटकळत ठेवलं.

गेल्या दिवाळीनंतर ताईचं वजन उतरायला लागलं. दादरला एका भाचीच्या लग्नात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, किती छान बारीक झालीस, काय करतेस सांग तरी. घरी मात्र भावोजी म्हणत होते, डॉक्टरांकडे जाऊ. ताई म्हणाली, "आधी काटा तपासू." रिकामा काटा शून्य दाखवत होता. मग तांदळाच्या सीलबंद पिशव्या आणल्या. भावोजींनी एकेक पिशवी उचलून काट्यावर ठेवायची आणि ताईने वाकून आकडा वाचायचा. आकडे बरोबर. तरी बॅटरी बदलली. फरशी उंचसखल असेल म्हणून काटा न्हाणीघरातून पॅसेजमध्ये आला. पुन्हा पिशव्या. शेवटी दुसरा काटा विकत आणला. दोन्ही काट्यांचं एकमत झालं, तोवर दोनेक महिने उलटले होते.

मग परळचं हॉस्पिटल. स्वादुपिंड, आणि तिथून पुढे पसरलेलं. स्कॅनचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही सगळे ताईच्या तोंडाकडे बघत होतो. ती आता म्हणेल, आधी यंत्राला विचारू... आयुष्यात पहिल्यांदा मला ते वाक्य हवं होतं. ती बोलेना, तेव्हा मीच म्हणालो, "ताई, दुसरीकडे करून बघू या?" तिने फिल्म उजेडाकडे धरली. काकूंच्या गुडघ्याची बघितली होती तशीच, नीट, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग खाली ठेवली. "नको. हे बरोबर आहे."

डॉक्टर भला माणूस. भावोजींनी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? तो म्हणाला, या आजारात फार फरक पडला नसता. भावोजींनी त्यातला 'फार' तेवढा उचलला आणि घरी घेऊन आले. त्यानंतर त्यांना कुणीही काही सांगावं, ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "फार नाही म्हणाले. अजिबात नाही असं नाही म्हणाले."

एका दुपारी ते औषधं आणायला खाली गेले होते. ताई माझ्याकडे वळली. "काटा तपासला, बॅटरी तपासली, फरशी तपासली. काय राहिलं सांग. नमुना," ती म्हणाली. लॅबमध्ये यंत्राखाली ठेवलेल्या दगडाला ती नमुना म्हणायची. "मीटर बरोबर निघाला की मी नमुन्याकडे बघते, कधी चुकत नाही. इथे मीटर बरोबर निघाला, तर मी दुसरा मीटर आणला." मी म्हटलं, ताई, बोलू नकोस, दमशील. ती म्हणाली, "ऐक रे. मला कळलं होतं. तपासत होते तोवर ते खरं नव्हतं... घाबरले होते मी." माझी बहीण घाबरते हे मला माहीत नव्हतं. लहानपणी जिन्यातला दिवा गेला की मी तिची वेणी धरून वर चढायचो. मग ती म्हणाली, "ह्यांना वाटतं, पिशव्या आपण उचलल्या म्हणून आपला दोष. तसं नाही. मी घाबरले होते आणि ह्यांनी मला एकटीला घाबरू दिलं नाही, एवढंच झालं. मी सांगायला लागले की रडतात, ऐकूनच घेत नाहीत. तू सांग. तुला बोलता येतं."

मला बोलता येतं अशी घरात ख्याती आहे खरी. ती गेल्यावर तेराव्यापर्यंत मी रोज त्या घरी जात होतो आणि मंडईतल्या भावांपासून इमारतीच्या गळक्या टाकीपर्यंत सगळ्यावर बोललो. हे सोडून. तोंड उघडायचो आणि टाकी निघायची. भावोजीही टाकीवर बोलायचे. दोघंही त्या टाकीचे फार आभारी होतो.

गेल्या रविवारी दुपारी गेलो. बायकोने आमटी, पोळ्या, भाजी भरून दिली होती आणि बजावलं होतं, "भात तिथे गरम लाव. आणि समोर बसून जेवायला घाल, डबा ठेवून पळून येऊ नकोस." भावोजींनी दार उघडलं. शर्ट त्यांचाच होता, पण थोरल्या भावाचा घातल्यासारखा. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवीन भोक. पॅसेजमध्ये दोन्ही काटे भिंतीशी शेजारी शेजारी, जागचे हललेले नाहीत. मी म्हटलं, "उभे राहा जरा."

"कशाला रे?"

"राहा हो."

उभे राहिले. आकडा बघितला. उतरून दुसऱ्या काट्यावर उभे राहिले, तोही बघितला. मग स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाची पिशवी दोन्ही हातांत धरून आले. "आधी हे ठेवून बघू. बरेच दिवस तपासलेला नाही," म्हणाले आणि वाकले. वाकलेलेच राहिले. पिशवी खाली ठेवता येईना, वर उचलता येईना... मी त्यांच्या हातातून ती घेतली.

"भावोजी, काटा बरोबर आहे."

आणि मग बोललो. ताई त्या दुपारी जे म्हणाली ते, तिच्याच शब्दांत, माझं एकही अक्षर न घालता. आयुष्यात एवढं सरळ मी काही सांगितलेलं नाही. ते भिंतीला टेकून ऐकत होते. रडले नाहीत. म्हणाले, "मलाही कळलं होतं, नंदू. पहिल्या पिशवीलाच. पण ती आकडा वाचायला वाकायची ना, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवता यायचा. म्हणून मी पुढची उचलायचो."

पिशवी माझ्या हातात जड व्हायला लागली होती. मी विचारलं, दुसरा तांदूळ आहे का घरात? नव्हता. ही पिशवी वजन म्हणून राहिली होती, ती फोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. भावोजींनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग ओट्याच्या खणातून कात्री काढून माझ्या हातात दिली.

तांदूळ धुऊन पातेल्यात घातले आणि माझं ज्ञान संपलं. घरी मी भात फक्त खातो. "पाणी किती?" मी विचारलं. "बोटाचं एक पेर," ते म्हणाले. "विजू असंच घालायची. तांदळावर बोट टेकवायचं, पेरापर्यंत पाणी आलं की बास." मी म्हटलं, ताई? बोटाने? ते थोडं हसले. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, भाताला काय कळतंय."

मी पाणी ओतत गेलो. भावोजींनी बोट तांदळावर टेकवलं. पाणी पेरापर्यंत आलं, मी थांबलो. त्यांनी बोट काढलं नाही. मी गॅस पेटवायचा थांबून, लायटर हातात धरून उभा राहिलो.