टोकाच्या खुंटीवरचं जाकीट

बुडत्यांना वाचवणारी होडी जिथे ठेवत, त्या होडीघराची राखण मेबल क्रास्क करी. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात चर्चपेक्षा होडीघराच्या खिडक्या उंच होत्या, कारण खर्च करणाऱ्या जमीनदाराला ते आपल्या गच्चीवरून दिसायला हवं होतं. आतली जमीन मात्र दाराकडे उतरती, होडी झटकन पाण्यात जावी म्हणून. त्यामुळे तिथे लग्नाची मेजवानी असली की ताटातून सांडलेले बटाटे समुद्राकडे चालू लागत. बुडालेल्यांना निजवायलाही तीच टेबलं. मेबल ती दोन्ही वेळा सारख्याच जोराने घासायची.

भिंतीवर पाण्यात तरंगवणारी बुचाची जाकिटं टांगलेली. जहाज संकटात असल्याची तोफ वाजली की गावातले कोळी धावत. ज्याच्या हाती जाकीट लागेल तो होडीत. मेबलचा नवरा एबेन कायम शेवटी पोचायचा.

"आलं बाई आमचं गलबत!" ती सगळ्यांदेखत म्हणायची. घरी गेल्यावर मात्र त्याला जास्तीचं पुडिंग वाढायची.

टोकाच्या खुंटीवर तिच्या बुडालेल्या भावाचं, नेडचं जाकीट होतं. शेगडीवर कितीही वाळवा, सकाळी खाली थेंब. त्याला कुणी शिवत नसे. नेडचं वल्हंही तेव्हापासून रिकामंच जाई.

एका दुपारी दाट धुक्यात तोफ वाजली. एबेन धापा टाकत आला तेव्हा टोकाची खुंटी सोडून सगळ्या मोकळ्या झाल्या होत्या.

"आज वल्हं रिकामं नको," तांडेल म्हणाला. "पाण्याची ओढ उलटी आहे."

एबेनने टोकाकडे हात घातला.

"ते ओलं आहे," मेबल म्हणाली.

"समुद्रात चाललोय गं, लग्नाला नाही."

तिनेच त्याच्या पोटावर नाड्या आवळून गच्च गाठी मारल्या. होडी घरंगळत धुक्यात गेली आणि मेबल एकटी उरली. टोकाची खुंटी आता रिकामी होती. तरी तिच्याखाली थेंब पडत होते.

अंधार पडायच्या आत होडी परतली. वाचलेले खलाशी उतरले, मागून एबेन.

"बसलो खरा नेडच्या जागी," तो दात वाजवत म्हणाला, "पण वल्हं मी ओढतच नव्हतो. हात नुसते बरोबर जात होते."

"आळशी मेला! तिथेही दुसऱ्याकडून काम करून घेतलंस!"

ती गाठी सोडायला वाकली आणि थबकली. गाठी तिच्या नव्हत्या. उलट्या, डावखुऱ्या होत्या. लहानपणी नेडचे बूट काढताना तिने शिव्या देत सोडवलेल्या, अगदी तसल्याच.

तिने त्या एकेक करून सोडवल्या.

"पुढच्या वेळी जरा लवकर ये," जाकीट टोकाच्या खुंटीला लावत ती एबेनला हळूच म्हणाली. "असं ताटकळत ठेवू नये कुणाला."