डावीकडे जाणारी बंदूक

पोटात बांगड्याचं तिखलं आणि डोक्यात बंदूक असली की दुपारची झोपही सरळ येत नाही. मी पडवीतल्या बाकड्यावर आडवा आहे. पंखा फिरतोय, म्हणजे फिरतोय असं म्हणता येण्याइतपत फिरतोय. भिंतीला टेकवलेली ठासणीची बंदूक माझ्याकडे बघतेय. रिकामी आहे, बायकोने, म्हणजे वृंदाने, दोनदा विचारून खात्री केली आहे. शेजारी फळीवर उद्या देवाला घालायच्या गाऱ्हाण्याचा नारळ आहे, शेंडीसकट. तोही बघतोय. नारळाला डोळे असतात हे दुपारी अडीच वाजता विशेष जाणवतं.

उद्या सकाळी गावाची पारध आहे. रानडुकरांनी सगळ्यांचा भुईमूग उकरून ठेवलाय, आणि वनखात्याचा परवानगीचा कागद या वेळी भुईमूग पूर्ण संपायच्या आत आला, म्हणून गाव खुशीत आहे. बंदूक द्वारकाआत्याची. आत्या गेल्या श्रावणात गेली आणि शेतसंरक्षणाचा परवाना वारसाने माझ्याकडे आला. मी वर्तमानपत्रात विनोदी लिहितो. परवाना देताना साहेबांनी 'शस्त्राचा पूर्वानुभव' विचारला, मी 'उपरोधिक लेखन' म्हणालो, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

अडचण एवढीच की बंदूक डावीकडे मारते. सकाळी मी डबा टांगून बार काढले. डबा सुखरूप आहे. डाव्या बाजूचा फणस जखमी आहे.

आणि उद्या माझ्या डावीकडे बुधाजी उभा राहणार आहे. बुधाजी माझा चुलतभाऊ. काजूच्या बांधावरून आमचा एकमेकांवर खटला आहे. मी जागा बदलून घेतली असती, पण आमच्या पारधीत जागा बदलत नाहीत. कुठल्या घराण्याने कुठल्या झाडाखाली उभं राहायचं हे आज्या-पणज्यांच्या काळापासून ठरलेलं आहे. जागा सोडली म्हणजे मान सोडला, आणि बुधाजीच्या वकिलाच्या मते, मान सोडला म्हणजे बांधही सोडला. त्यामुळे तो हलणार नाही. मीही हलणार नाही. गोळी मात्र हलणार. उद्या ती बुधाजीला लागली तर 'बंदुकीचा दोष होता' यावर गावात एक माणूस विश्वास ठेवणार नाही. मी स्वतः ठेवणार नाही.

सकाळपासून सल्ले घेऊन झाले. एकजण म्हणाला, निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होती ना, ढिगात तळाला राहून नळी वाकली असणार. नळी सरळ आहे. दुसरा म्हणाला, टोकाची माशी हलली असणार, जिच्यातून नेम धरायचा ती. माशी जागेवर आहे. तिसरा म्हणाला, बंदुकीला मालक बदललेला कळतो. मी दारू कमी करून पाहिली, वाढवून पाहिली, गोळी बदलली. फणस तेवढा बदलला नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो. नारळ एक डोळा मिटतो. मीही मिटतो.

शिट्टी वाजते.

बाकड्याच्या पायथ्याशी द्वारकाआत्या उभी आहे. सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आत्या हायस्कुलात पी.टी. शिकवायची. डावरी होती, झेंड्याला सलामीसुद्धा चुकून डाव्या हाताने द्यायची आणि मग सगळी शाळा तशीच द्यायची.

"उठ रे बाबल्या. दिवसाढवळ्या झोपतंस?"

"आत्या, तू तर गेलीस ना?"

"गेलंय. मगे? गेलेल्या माणसान परत येव नये, असो सरकारान जीआर काढल्यान काय?"

मला असा जीआर आठवत नाही. मी उठून बसतो. आत्या जाडी झालेली नाही, बारीकही झालेली नाही. केसाला तेल लावून आलेली आहे.

"तिकडे कसं असतं?" मी विचारतो. असा मौका पुन्हा मिळेल की नाही, सांगता येत नाही.

"तिकडे हजेरी घेतत."

"कोण घेतं?"

"आधी बंदूक. ती डावीकडे मारता म्हणे?"

"तुझी बंदूक डावीकडे मारते."

"माझी नाय, तुझी. माझी होती तेवा सरळ मारी."

मी पडवीची पायरी उतरतो आणि पाय शाळेच्या मैदानावर पडतो. फक्कीच्या रेघा आखलेल्या आहेत. आमचं अंगण या मैदानावर कधी नव्हतं, पण कोणाची हरकत दिसत नाही. शाळेची घंटा असते तिथे माझा डबा टांगलाय. आत्या माझ्याभोवती फिरते, बूट मातीत अजिबात न वाजवता.

"खांदो बघू. खाली घे. इतको वर कित्याक? कोण पालखी उचलूक सांगता तुका?"

मी खांदा खाली घेतो.

"डोळो खंयचो बंद करतंस?"

"दोन्ही."

आत्या गळ्यातली शिट्टी उचलते आणि पुन्हा सोडते. "आणि तुका परवानो दिल्यानी."

"साहेब वाचक आहेत माझे."

"एक उघडो ठेव. उजवो. हां. आता चाप ओढ, हिसको नको देव. म्हशीचो सड ओढतत तसो ओढ."

मी आयुष्यात म्हैस पिळलेली नाही, पण स्वप्नात जमतं. बार होतो. आवाज होत नाही, नुसता धूर. डबा तसाच. डावीकडे, आठवी 'ब'च्या वर्गाची एक खिडकी हळूच मिटते.

"माणसात दोष आसा," आत्या म्हणते, "पण इतको नाय. चल, आत बघूया."

"कुठे आत?"

ती बंदुकीच्या नळीकडे बोट दाखवते. डाव्या हाताचं. आणि आम्ही आत आहोत.

नळीच्या आत म्हणजे कचेरीचा बोळ. तसाच काळोखी, तसाच लांब, भिंतींना तोच कळकट ओशटपणा. दुसऱ्या टोकाला गोल उजेड आहे, रुपयाएवढा. एका बाजूला बाकडं आहे आणि त्यावर शिशाच्या गोळ्या आपला नंबर यायची वाट बघत बसल्यायत. एक गोळी पदराने वारा घेतेय. मी तिला नमस्कार करतो. उगाच संबंध बिघडवायचे नाहीत.

"उजव्या भिंतीक हात लाव," आत्या म्हणते.

गुळगुळीत. थंड.

"आता डाव्या."

डाव्या भिंतीला हात लावला तर चिकटतो. काहीतरी वितळून थिजलंय, काळ्या गुळासारखं, बोळाच्या तोंडापासून आतपर्यंत. आत्या नखाने खरवडते. खपली निघते आणि खपलीच्या खाली एक सोनेरी रेघ चमकते. जरीची आहे.

"ह्या काय?"

मी ओळखतो. पण ओळखल्यासारखं दाखवत नाही.

"बाबल्या. गोळीभोवती काय गुंडाळतंस?"

"कापड."

"खंयचा कापड?"

टोकाचा उजेड मोठा होत येतो आणि आम्ही एका सभागृहात बाहेर पडतो. मी स्टेजवर उभा आहे. मागे फलक, त्यावर माझं नाव, अर्थातच चुकीचं. एक गृहस्थ माझ्या लेखनाविषयी बोलतायत, जे त्यांनी वाचलेलं नाही. पहिल्या रांगेत, अगदी डावीकडच्या खुर्चीवर बुधाजी बसलाय. हात मांडीवर, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. फोटो काढायला बसतात तसा, न हलता. मी नजर चुकवतो, तर नजर पुन्हा तिकडेच जाते. प्रमुख पाहुणी म्हणून आत्या उठते आणि माझ्या खांद्यावर शाल घालते. शाल खांद्याला टेकते आणि पापडासारखी आक्रसून चिकटते.

आत्या कोपरा दोन बोटांत धरून चुरते. "ही सुती?"

"नाही."

"लोकरीची?"

"सत्काराची."

सभागृहात टाळ्या पडतात.

खरं आहे. अशा शालींची एक ट्रंक भरलीय घरात. त्यांचा थंडीशी काहीही संबंध नसतो. पांघरली की थंडी वाजते आणि घामही येतो. वृंदा त्या बाहेर काढ म्हणून मागे लागलेली, आणि मला वाटलं, निदान बंदुकीच्या कामी येतील. मी मोजून मापून चौकोन कापले होते. साहित्यसेवेचा असाही उपयोग होतो, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

"प्लास्टिक ता," आत्या म्हणते. "बार झालो की वितळता आणि नळीक धरता. पुढली गोळी खंयसून सरळ जातली? मी नारळाच्या सोडणाचो, काथ्याचो बोळो घालीत होतंय. जळता आणि उडान जाता."

"मला काय माहीत?"

"दोन वस्तू दिल्यानी तुका. शाल आणि नारळ. नको ती आत ठासलंस."

माझ्या हातात नारळ आहे. कधी आला कळत नाही. आत्या त्याची शेंडी मुठीत धरते, एक हिसका देते, आणि काथ्या दोन तळव्यांत घेऊन वळायला लागते. तिचे हात मला इतके जवळून कधी दिसले नव्हते. डावा तळवा पुढे, उजवा मागे. काथ्याची सुपारीएवढी गोळी होते.

"घरी जाऊन कढत पाणी ओत नळीत. तारेच्या ब्रशान खरवड. परत ओत. सुकव. मगेच उद्याचा बघ."

"आत्या, एक विचारू?"

"हजेरीचा नको."

"नाही. बंदूक मला का ठेवलीस? बुधाजीचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे."

"बुधाजीचो नेम चुकणा नाय," आत्या म्हणते. "म्हणानच नाय दिलंय."

पहिल्या रांगेत बुधाजी ऐकतोय की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. आत्या त्याच्याकडे बघते. त्याच्या गुंडी लावलेल्या कॉलरकडे. मग खालच्या आवाजात बोलते, जो आवाज तिने मैदानावर कधी वापरला नाही.

"बांधाचा काय ता कोर्टात बघा. मी काय बोलणंय नाय. पण रानात तो तुझ्या डावीकडचो माणूस आसा. समाजला?"

मी मान हलवतो. खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. सभागृहात भुईमूग उगवलाय, खुर्च्यांच्या पायांमधून. आत्या स्टेजच्या पायऱ्या उतरते, पातळाचा ओचा सावरत.

"आत्या! हजेरी कोण घेतं ते तरी सांग."

ती वळते. काथ्याची गोळी माझ्या मुठीत दाबते.

"मी," म्हणते, आणि शिट्टी तोंडाला लावते.

कुकर शिट्टी देतो.

मी बाकड्यावर आहे. पंखा तसाच फिरतोय. तोंडाला बांगड्याची चव आहे, आणि वृंदा चहाचा कप घेऊन उभी आहे. पण ती माझ्याकडे बघत नाही, फळीकडे बघतेय.

"नारळाची शेंडी कोणी काढली?"

नारळ बोडका आहे. तिन्ही डोळे उघडे.

"उद्या गाऱ्हाण्याला हा चालायचा नाही," वृंदा म्हणते. "दुसरा बघायला हवा. झोपेत नारळ सोलायला लागलात की काय तुम्ही?"

मी उत्तर द्यायला हात वर करतो आणि लक्षात येतं, की मूठ मिटलेली आहे. ती उघडायला मला थोडा वेळ लागतो. माणूस झोपेत काय काय करतो, यावर मी एक लेखही लिहिलाय, तेव्हा मला नवल वाटायचं कारण नव्हतं.

"पाणी ठेव," मी म्हणतो. "कढत. बरंच ठेव."

"अंघोळीला?"

"बंदुकीच्या."

ती आत जाते. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस काही प्रश्न विचारत नाही.

बेड्याकडून, कुंपणाच्या फाटकापाशी, खाकरल्याचा आवाज येतो. बुधाजी आहे. शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"जागो आसस मां?"

"आसंय. ये."

तो पायरीपाशी थांबतो. खटला चालू झाल्यापासून तो पायरी चढलेला नाही. "सकाळी बार आयकलंय," तो म्हणतो. "मगे येवन फणस बघितलंय."

"फणस आता बरो आसा."

तो हसत नाही. "वकील म्हणता, जागा सोडू नको. बायल म्हणता, जाव नको." घसा साफ करतो. "उद्या मी उभो रवतलंय, ता सांगूक इलंय. पण तू माका खरा सांग. मी तुझ्या डावीकडे उभो रव काय नको?"

मी हात पुढे करतो. तळव्यावर काथ्याची गोळी. बुधाजी पायरीवरूनच वाकून बघतो. मग एक पायरी चढतो. गोळी उचलतो, उजेडात धरतो, अंगठ्याने फिरवतो.

"हो खंय गावलो?"

"आत्ताच वळलो."

"कोणी?"

मी फळीवरच्या बोडक्या नारळाकडे बघतो.

"तू उजवो," बुधाजी सावकाश म्हणतो. "ह्येचो पीळ उलटो आसा." तो गोळी पुन्हा एकदा फिरवतो. नाकाशी नेतो. "आत्या वळी तसो."

आतून पाण्याला आधण आल्याचा आवाज येतो. मी बंदूक उचलतो, नळी वर करून भिंतीला नीट टेकवतो. तारेचा ब्रश कुठे ठेवला होता, तो शोधायला लागतो. बुधाजी गोळी माझ्या हातात परत देतो, चप्पल काढतो आणि बाकड्यावर बसतो. माझ्या डावीकडे.