थर्मामीटरआधीचा चहा

दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से मात्र साठत जातात. महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी बुलढाण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे नर्स होते. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांचे किस्से सांगायला बसले, तर स्वयंपाक राहील! त्यात धाड गावच्या सरूबाईंचे सांगताना आजही माझी छाती फुगते.

*

सरूबाई सून कमलला घेऊन आल्या. मागे मुलगा नामदेव, पंचक्रोशीत नावाजलेला पहिलवान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांनाही तपासावं लागेल."

"मले? मी तं दोन गडी एकाच वेळी उचलतो."

"उचला की. पण इथं ते तपासत नाहीत."

पठ्ठ्या तडक बाहेर जाऊन बसला.

*

कमलचं औषध सुरू झालं. रोज उठल्याबरोबर थर्मामीटर तोंडात धरायचा. महिन्याच्या मध्यावर अंगाची उष्णता जराशी वाढली की चांगलं, असं बाईंनी समजावलं. पुढच्या खेपेला आकडे पाहून बाई चक्रावल्या. उष्णता रोजच चढलेली!

सरूबाई खुशीत. "वाढली पाह्यजे म्हणे न? म्हून मी तिले आधी गरम चहा पाजला. रोज."

बाईंना हसता हसता चष्मा काढून ठेवावा लागला.

*

चहा बंद झाला, औषध चाललं, तरी पाळी येतच राहिली. तिसऱ्यांदा ते सांगायला आली तेव्हा कमल म्हणाली, "बाई, माह्यातच खोट हाये. त्याइले दुसरी करू द्या."

बाईंनी औषधच थांबवलं. "तुझे रिपोर्ट चांगले आहेत. जे तपासलंच नाही, ते आधी तपासू."

सरूबाई उठून बाहेर गेल्या. त्यांचा आवाज सगळ्या ओपीडीनं ऐकला. "लंगोट लावून अख्ख्या गावापुढं उभा राह्यतं, अन् डॉक्टरापुढं काऊन लाजतं रे?"

पहिलवान आत आला.

*

दोष नामदेवमध्येच निघाला. बाईंनी तिघांना समोर बसवून सांगितलं, यात कुणाचाच गुन्हा नाही, आणि आशा अगदीच संपली असंही नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल अढी होती, ती त्या दिवशी गेली. तो एवढंच म्हणाला, "कमल, तुले उगाच कडू गोळ्या खा लागल्या."

*

पुढे एकदा धाडच्या बाजाराला गेले, तेव्हा त्यांच्याकडे टेकले. वडनेर भोलजी गावचे एक पाहुणे नामदेवसाठी दुसरी मुलगी सुचवायला आले होते. कमल चहा ठेवून दारामागे उभी राहिली.

"घराले वारस पाह्यजे, सरूबाई."

सरूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं 'सांग' म्हणून मान हलवली.

"खोट माह्या पोरात हाये," त्या म्हणाल्या. "पाह्यचाच असन तं माह्या सुनेसाठी नवरा पाहा."

पाहुणे चहा तसाच ठेवून उठले. सरूबाईंनी कप उचलून दारामागे नेला.

"घे कमल, पे. आज थर्मामीटर नाही."